न कळवता दिलेली भेट

१६ नोव्हेंबर २०१२, शुक्रवार

निवडून आलो. शंभरातल्या जेमतेम पंधरा जणांनी मत दिलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण कशासाठी मत देतोय हे ठाऊक नव्हतं, पण आलो. ऑर्डलशायर परगण्याचा पहिला पोलीस आणि गुन्हे आयुक्त. मोजणीच्या हॉलमध्ये एका मतदान केंद्रावरची बाई भेटली. म्हणाली, दिवसभर इतकी सामसूम होती की माझा एक मोजा विणून झाला. मी विचारलं, दुसऱ्याचं काय? म्हणाली, तो पुढच्या निवडणुकीला.

खाटकाच्या दुकानात एकाने अभिनंदन करून विचारलं, आता गणवेश मिळणार का. नाही मिळणार. मी पोलीस नाही. मला कुणाला पकडता येत नाही की सोडता येत नाही. चीफ कॉन्स्टेबलला, म्हणजे इथल्या पोलिसांच्या प्रमुखाला, नेमायचं, जनतेच्या वतीने जाब विचारायचा आणि वेळ आली तर घरी पाठवायचं, एवढंच काम. कुठला तपास कसा करायचा यात मी बोट घालायचं नाही. म्हणजे गाय माझी, पण धार काढताना गोठ्यात यायचं नाही.

बघू. चाळीस वर्षं मी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलाय. कोण बोली लावायला नाक खाजवतो आणि कोण नुसतंच नाक खाजवतो, हे मला व्यासपीठावरून दिसतं. हातोडा पडल्यावर कुणी कुरकुर केली तर तोच नग पुन्हा बोलीला काढायची मुभा पुकारणाऱ्याला असते. मी ती एकदाही वापरली नाही. प्रचारही त्यावरच केला: क्लेमंट रॅड्नॉलला कुणी फसवू शकत नाही.

माझ्या बायकोला, डॉरिनला, ते वाक्य पहिल्यापासून आवडलं नव्हतं. म्हणाली, असं सांगत सुटलास तर लोक करून बघतील.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

कचेरीतला पहिला दिवस काल झाला. कचेरीचा प्रमुख डेरेक मॉटरशेड. उंच, वाकलेला, प्रत्येक वाक्यानंतर चष्मा पुसतो. पुसायला काय चिकटतं इतकं?

चीफ कॉन्स्टेबल रोझलिंड क्वेल भेटायला आल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आवाज कधी वर नाही की खाली नाही. मी चार प्रश्न विचारले, चारींची उत्तरं आली. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. बाजारात असा एक मेंढ्यांचा व्यापारी होता. त्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळायचं नाही आणि घरी गेल्यावर लक्षात यायचं की त्याने आपल्याला सोलून नेलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

डॉरिनला सगळं सांगितलं. तिच्यापासून मी काही लपवत नाही. इतक्या वर्षांत तिच्याशी बोलल्याशिवाय मला कुठल्याच गोष्टीचा अर्थ लागलेला नाही.

६ डिसेंबर, गुरुवार

आज एक नवी गोष्ट कळली. गावातली साधी माणसं, स्वयंसेवक म्हणून, जोडीने पोलीस ठाण्यात जातात आणि कोठडीत ठेवलेल्यांची विचारपूस करतात. जेवण मिळालं का, पांघरूण आहे का, औषध दिलं का. आधी कळवायचं नाही, आणि दारात आल्यावर पोलिसांनी लगेच आत घ्यायचं. ही योजना आता माझ्या अखत्यारीत आली. ठाण्यात त्यांना पाहुणे म्हणतात.

मॉटरशेडला विचारलं, कोणत्या दिवशी जायचं ते कोण ठरवतं? म्हणाला, ते स्वतःच ठरवतात, मनात येईल तेव्हा. मी म्हटलं, आणि त्यांच्या मनात काय येतं हे आपल्याला कसं कळणार? एखाद्याने ठाण्यातल्या मित्राला विचारूनच दिवस ठरवला तर? त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, आजवर तसं झालं नाही, साहेब. आजवर कुणी बघितलं नाही, असं म्हणायचं असावं.

यापुढे दिवस मी ठरवणार. मी, मॉटरशेड आणि जाणारा माणूस, एवढ्यांनाच माहीत. झाकली मूठ.

हेदरस्टन ठाण्यासाठी इड्रिस बेब जातो. निवृत्त बस ड्रायव्हर. बाजाराच्या दिवशी अर्धे शेतकरी त्याच्याच बसने यायचे, त्यामुळे जुनी ओळख. जोडीला मिसेस हॅडो असतात, पण त्यांना तो गाडीत बसवल्यावरच सांगतो की कुठे जायचंय. मला हे आवडलं. या लोकांना एक पैसा मिळत नाही, म्हणून डॉरिनला म्हटलं, भेटीच्या दिवशी त्यांच्यासाठी काहीतरी गोड करत जा. ती म्हणाली, आल्याचा केक करते. इड्रिसला आल्याचा केक म्हणजे जीव की प्राण.

१३ डिसेंबर, गुरुवार

पहिली भेट. इड्रिस दुपारी कचेरीत आला, दोन तुकडे खाल्ले आणि अहवाल दिला. फरशी चकचकीत, पांघरुणं धुतलेली, प्रत्येक कोठडीतली मदतीची बेल त्याने दाबून पाहिली, सगळ्या खणखणीत. एका दारुड्याने तर चहा चांगला असल्याचं सांगितलं.

इतकं चांगलं? मी जनावरं विकली आहेत. विकायच्या दिवशी प्रत्येक गाय धुतलेली असते.

डॉरिन काल घंटांच्या सरावाहून लवकर परत आली होती, केक ओव्हनमध्ये टाकायचा म्हणून. बुधवारी संध्याकाळी ती चर्चच्या मनोऱ्यात जाते. आठ जण, आठ दोर. त्यांचा म्होरक्या लेन टफ्नेल, तोच हेदरस्टन ठाण्यातला कोठडीचा सार्जंट. सरळ माणूस. नाताळच्या घंटा यंदा छान वाजणार म्हणते.

२४ जानेवारी २०१३, गुरुवार

दुसरी भेट. पुन्हा सगळं आरशासारखं. बेली दाबल्या, वाजल्या. इड्रिस म्हणाला, "साहेब, गावातल्या वृद्धाश्रमापेक्षा बरं आहे. जागा ठेवा माझ्यासाठी." मी हसलो, पण मला हसू आलेलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

केकला यावेळी वरून साखरेचा पातळ थर होता. काल डॉरिनने त्यासाठी सरावाचा शेवटचा अर्धा भाग सोडला. मी म्हटलं, टफ्नेल रागावला असेल. म्हणाली, छे, तो तर म्हणाला जा जा, पाहुण्यांना उपाशी ठेवू नकोस.

४ फेब्रुवारी, सोमवार

मी दर सोमवारी लोकांना भेटतो. बहुतेक जण कुत्र्यांची घाण आणि मोटारींचा वेग घेऊन येतात. आज ट्रुडी पॅजेट आली. कोट काढला नाही, चहा घेतला नाही.

तिचा मुलगा गॅरेथ, तेवीस वर्षांचा, पशुखाद्याच्या गिरणीत कामाला. सव्वीस तारखेला, शनिवारी, फुटबॉलच्या सामन्यानंतर धक्काबुक्की झाली, त्यात पोलिसांनी याला उचललं. त्याला फेफऱ्याचा आजार आहे. गोळ्या कोटात आणि कोट काढून घेतलेला. त्याने ते दारातच सांगितलं होतं म्हणते. संध्याकाळची गोळी हवी म्हणून तो बेल दाबत राहिला. कुणी आलं नाही. मग फेफरं आलं, बाकाच्या कडेवर डोकं आपटलं. आता उजव्या हातात कप धरवत नाही आणि बोलताना शब्द अडकतात.

पोलिसांनी तिला उत्तर दिलं की बेल व्यवस्थित आहे. दोनच दिवसांपूर्वी आयुक्तांच्या पाहुण्यांनी ती स्वतः तपासलेली आहे. बाकी चौकशी चालू आहे.

ती म्हणाली, "तुमच्या माणसांनी माझ्या मुलाला खोटं पाडलं. ती बेल वाजत असेल तर माझा गॅरेथ तरी खोटारडा, नाही तर तुम्ही."

मी तिला शब्द दिला की छडा लावीन. असे शब्द मी प्रचारात पुष्कळ दिले होते. हा तसा नव्हता. 

७ फेब्रुवारी, गुरुवार

क्वेलबाईंना बोलावलं. सरळ विचारलं, पाहुणे कधी येणार हे तुमच्या लोकांना आधी कळतं का?  त्या म्हणाल्या, मलाही तशी शंका येऊ लागली आहे. आणि मग विचारलं, "मिस्टर रॅड्नॉल, तुम्ही घरी कामाबद्दल बोलता का?"

काय हा प्रश्न! मी म्हटलं, माझं घर माझं आहे. त्या म्हणाल्या, अर्थातच, आणि विषय सोडला.

परत येताना अर्थ लागला. मी आणखी कुणाला काय सांगितलंय याचा त्या अंदाज घेत होत्या. कळवणारा कुणीतरी त्यांनाच कळवतो, आणि आता माझ्याकडे किती पुरावा आहे ते चाचपून बघतायत. शिवाय "मलाही शंका येऊ लागली आहे" म्हणजे स्वतः आधी ओरडून मोकळं व्हायचं. साळसूदपणा म्हणतात तो हाच.

डॉरिनला सांगितलं, कुणीतरी वरपर्यंत बातमी पोचवतंय. तिला धक्काच बसला. कोण असेल रे असा, म्हणाली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

ईस्टरपूर्वीच्या उपासाआधीचा मंगळवार, म्हणून घरी धिरड्यांची रास. लिंबू-साखर लावून सात खाल्ली. खाता खाता डोकं चाललं.

भेटीचा दिवस मला धरून तिघांना माहीत असतो. मी नाही. म्हणजे मॉटरशेड किंवा इड्रिस. मॉटरशेडला सांगायचं, पुढच्या मंगळवारी भेट आहे. ती मुळी होणारच नाही. इड्रिसला सांगायचं गुरुवार, आणि ती खरी. दोन्ही दिवशी सकाळी मी ठाण्याच्या मागच्या आवारासमोरच्या चहाच्या दुकानात बसणार. ज्या दिवशी आवार झाडलं जाईल, त्या दिवसाचा माणूस चोर.

डॉरिनने विचारलं, मग केक दोन करू? मी म्हटलं, खोट्या भेटीला खरा केक कशाला? गुरुवारचाच कर.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

चहाच्या दुकानात. वर्तमानपत्राआड बसलो, पण वाढणाऱ्या बाईने मोठ्याने "काय आयुक्तसाहेब, आज इकडे?" असं विचारून पार पंचाईत केली.

आवारात कुणी झाडू धरला नाही. एक हवालदार भिंतीला टेकून सिगारेट ओढत होता आणि थोटूक तिथेच टाकून गेला. म्हणजे मॉटरशेड स्वच्छ. त्याला मी उगाच घुबड समजत होतो.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच झाडू आले. मग धुतलेल्या पांघरुणांचा ढीग आत गेला. मग स्वतः टफ्नेल इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला, चहूकडे बघितलं, जमिनीवरचं एक थोटूक उचलून खिशात टाकलं. त्यानंतर इड्रिसची गाडी आली.

इड्रिस. मला वाटलं होतं मॉटरशेड निघावा. इड्रिसबरोबर मी बाजारात चहा प्यायलोय, त्याच्या बायकोच्या अंत्ययात्रेला गेलोय. पण डोळ्यांनी पाहिलं त्याला काय करू?

दुपारी तो आला, अहवाल दिला, केक खाल्ला. दोन तुकडे, नेहमीसारखे. एक पापणी लवली नाही त्याची. म्हटलं, बाकीचाही ने घरी. त्याने डबाच उचलून नेला.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

इड्रिसला बोलावून सांगितलं. आवाज चढवला नाही. कुणाला कळवतोस एवढं सांग, म्हटलं, मग मी तुझं नाव बाहेर येऊ देणार नाही.

 तो म्हणाला, "क्लेम, मी कुणाला सांगणार? घरात मी आणि मांजर." मी म्हटलं, हे उत्तर नाही. तो म्हणाला, मग माझ्याकडे उत्तर नाही. ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. दारातून मागे वळून म्हणाला, डबा धुऊन पाठवतो.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला साहेब न म्हणता नावाने हाक मारली त्याने. बाजारातही कधी मारली नव्हती. गुन्हेगार असेच जवळीक दाखवतात.

हातोडा पडला.

१ मार्च, शुक्रवार

आमच्या साप्ताहिकाच्या पोराने फोन केला तेव्हा मी नाव सांगितलं. सांगायला नको होतं असं मॉटरशेडचं म्हणणं. पण ट्रुडी पॅजेटला काय तोंड दाखवू? काहीतरी केलंय हे दिसायला हवं. पहिल्याच पानावर आलं: पोलिसांना आतून खबर देणारा पाहुणा. खाली इड्रिसचा बसच्या दारातला जुना फोटो, हसतोय.

डॉरिनने वाचून कागद दुमडून ठेवला. "इड्रिस? तो चीफ कॉन्स्टेबलबाईंना खबरा देतो? त्याला तर त्यांचं नावही धड घेता येत नाही." मी म्हटलं, तीच तर मेख आहे.

डबा पोस्टाने आला. घासून लख्ख केलेला.

८ मार्च, शुक्रवार

डॉरिन बहिणीकडे गेली. बहिणीचं कमरेचं हाड मोडलंय. घरात उकडलेली अंडी आणि मी. बोलायला कुणी नाही, म्हणून इथे जास्त लिहितोय. इड्रिस क्लबात जायचा बंद झालाय असं खाटीक म्हणाला. तो आत शिरला की लोक डार्टचा खेळ थांबवायचे म्हणे. वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून खोटं खरं होत नाही.

१४ मार्च, गुरुवार

सापडलं!

नवा पाहुणा पाठवला, एक निवृत्त परिचारिका. काल ठरवलं, आज पाठवली. पांघरुणं कळकट, एका कोठडीत सकाळचं ताट तसंच. आणि बेली: टेबलाजवळ आवाज कमी-जास्त करायचं बटण आहे, ते पार तळाला फिरवलेलं. एक माणूस पाण्यासाठी कधीपासून बेल दाबत होता, सार्जंटच्या टेबलावर नुसता लहानसा दिवा लुकलुकत होता आणि त्यावर वर्तमानपत्र ठेवलेलं.

गॅरेथ पॅजेट खरं बोलत होता.

इड्रिस गेला, गळती थांबली, आणि पहिल्याच भेटीला उघडं पडलं. याहून मोठा पुरावा काय हवा? बातमी द्यायला डॉरिनला फोन केला. ती बहिणीला आंघोळ घालत होती, नंतर करते म्हणाली. परिचारिकेला बिस्किटांवर भागवावं लागलं.

१५ मार्च, शुक्रवार

क्वेलबाईंनी कालच टफ्नेलला निलंबित केलं. मी सांगायच्या आधी. आज स्वतः आल्या, दार लावून घेतलं. टफ्नेलने कबूल केलं की बेलींचा आवाज तो नेहमीच बंद ठेवायचा, डोकं उठतं म्हणून. आणि पाहुणे यायच्या दिवशी चालू करायचा.

म्हणजे खबर त्याला मिळायची. क्वेलबाईंना नाही. हे मला थोडं जड गेलं. विचारलं, आणि इड्रिस त्याला कसा कळवायचा?

त्या म्हणाल्या, "कुणी कळवलं ते तो सांगत नाही. म्हणतो, त्या माणसाचा काही दोष नाही. मिस्टर रॅड्नॉल, मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारणार नाही."

धमकी आहे का ही? दिवसभर डोक्यात घोळतंय. माझ्यावर नजर ठेवणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे येत्या शुक्रवारी मला सगळा प्रकार सांगायचा आहे. त्याआधी मला गोंधळात टाकायचा डाव असणार. टफ्नेलला जवळचा कोण आहे? इड्रिसशी त्याचं कधी बोलणंही पाहिलं नाही मी. क्लबात दोघं वेगळ्या टेबलांवर बसतात. मग टफ्नेल बसतो कुणाबरोबर? चर्च. घंटा. त्या आठांपैकी कुणीतरी इड्रिसचा माणूस असणार. डॉरिन आली की तिला विचारतो. ती त्या सगळ्यांना ओळखते.

१७ मार्च, रविवार

डॉरिन दुपारी आली. टोपी काढायच्या आत मी सुरू केलं. टफ्नेल, बटण, लुकलुकता दिवा. ती ऐकता ऐकता जिन्याच्या पायरीवर बसली.

"खबर लेनला मिळायची?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, आणि त्या आठ जणांत त्याला कोण सांगायचं ते तू आठवून बघ.

"मी," ती म्हणाली. "दर वेळी मीच सांगत होते, क्लेम. लेन, आज मी लवकर निघते, उद्या तुझ्याकडे पाहुणे यायचेत आणि त्यांचा केक राहिलाय. त्याच्याच घरी पाहुणे येणार, त्याला माहीत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू म्हणालास खबर वर जाते. वर म्हणजे मला त्या क्वेलबाई वाटल्या."

मग ती रडली. मी तिच्या शेजारी बसलो. तिचा हात धरायला हवा होता, पण मी मनात दिवस जुळवत होतो. डिसेंबर, बुधवार, केक. जानेवारी, साखरेचा थर. त्या मंगळवारी केक नव्हता, झाडू नव्हता. गुरुवारी दोन्ही. चौदा तारखेच्या भेटीला ती इथे नव्हती. हे सगळं मी स्वतःच्या हाताने याच वहीत लिहिलंय. कोण नाक खाजवतो ते बघायला चहाच्या दुकानात जाऊन बसलो, आणि बोली माझ्याच स्वयंपाकघरातून लागत होती.

तिने सांगितलं, पण तिला मी सांगितलं होतं. आणि मी दिवस ठरवायला घेतले नसते, तर सांगण्यासारखं काही नव्हतंच.

१८ मार्च, सोमवार

इड्रिसकडे गेलो. दार साखळीवरच उघडलं. फटीतून आधी मांजराने बघितलं, मग त्याने. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माफी मागितली.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथे कुणी नाही, साहेब. मला चोर म्हणालात ते पहिल्या पानावर. माफी दाराच्या फटीत?"

मी म्हटलं, शुक्रवारी समितीपुढे सांगतो. तुझ्यावरचा हातोडा मागे घेऊन तोच नग पुन्हा काढतो. तो म्हणाला, मी नग नाही. बरोबर आहे त्याचं. दार लागलं.

संध्याकाळी मॉटरशेड म्हणाला, चौकशी चालू आहे एवढंच बोललात तरी समिती पुढे सरकेल, साहेब. मे महिन्यापर्यंत लोक विसरतात. त्याचं म्हणणं खरं होतं. रात्री अंथरुणात मी त्यावर विचारही केला. डॉरिनची चार गावांत बदनामी होईल. माझी खुर्ची तर जाईलच बहुधा. पण फेब्रुवारीत कोट न काढता समोर बसलेली ती बाई डोळ्यांपुढून हलेना.

२२ मार्च, शुक्रवार

नगरसभेचं सभागृह. प्रेक्षकांच्या बाकांवर एरवी ऊब घ्यायला आलेली दोन माणसं असतात. आज भरलेलं. मागच्या रांगेत इड्रिस, मांडीवर टोपी. पुढच्या रांगेत ट्रुडी पॅजेट आणि तिच्या शेजारी गॅरेथ. डावा हात उजव्यावर ठेवून बसला होता. क्वेलबाई बाजूला. डॉरिनला मी येऊ नकोस म्हटलं होतं, ती आलीच.

उभा राहिलो आणि सांगितलं. भेटींचे दिवस आधी पाहुणेच ठरवत. माझा कुणावर विश्वास नव्हता म्हणून ते मी माझ्या हातात घेतले. मग घरी सांगितले. घरातून ते सार्जंटपर्यंत गेले, कुणाच्याही वाईट हेतूशिवाय. मिस्टर इड्रिस बेब यांनी कुणाला काही सांगितलं नाही, मी त्यांची बदनामी केली. चीफ कॉन्स्टेबलनी मला वेळीच विचारलं होतं, मी त्यांच्यावरच संशय घेतला. केकचंही सांगितलं. एक नगरसेवक हसला, मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कुणी हसत नाहीये.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. ट्रुडी उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला नीट समजू द्या," ती म्हणाली. "तुमच्या घरी केक भाजला की दुसऱ्या दिवशी कोठडीतली बेल वाजायची. माझ्या गॅरेथच्या दिवशी तुमच्याकडे केक नव्हता."

हो, असं मी म्हणालो.  गॅरेथ काहीतरी बोलू लागला, शब्द अडकला, सगळं सभागृह त्याच्यासाठी थांबलं. तो शब्द आलाच नाही. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं निघून गेले.

डॉरिन आणि मी घरी चालत आलो. मी तिचा हात धरला होता. 

१८ एप्रिल, गुरुवार

साप्ताहिकाने माफी पहिल्या पानावर छापली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मी सांगून छापून घेतली. माझा राजीनामा मागणारी पत्रंही त्याच अंकात आहेत. समिती पुढच्या महिन्यात काय ते ठरवेल. ठरवू दे.

भेटींचे दिवस पुन्हा पाहुण्यांच्या हाती दिले. टेबलावरचं ते बटण क्वेलबाईंनी काढून टाकायला लावलं, आता आवाज कमी करताच येत नाही. गॅरेथला आठवड्यातून दोनदा हाताच्या व्यायामाला नेतात. मी भेटायला येऊ का असं ट्रुडीला विचारलं होतं. नको, म्हणाली.

इड्रिसने मॉटरशेडकडून ओळखपत्र परत नेलं. माझ्या खोलीत आला नाही. डॉरिनने केक करून त्याच्या दारात ठेवला होता, तो त्याने घेतला की मांजराने, माहीत नाही. डबा अजून आलेला नाही.

आज दुपारी खिडकीतून त्याची गाडी ठाण्याच्या दिशेने जाताना दिसली, शेजारी मिसेस हॅडो. तिकडेच गेला असेल की बाजारात, कोण जाणे. संध्याकाळी चहाच्या वेळी डॉरिनने विचारलं, आज काय विशेष. मी म्हटलं, काही नाही.